एका खाडीकाठची तीन गावं

कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे खाडीच्या उत्तर काठावर रेवदंडा आहे, त्याला लागून चौल, आणि समोर दक्षिणेला समुद्रात घुसलेली कोर्लईच्या डोंगराची सोंड. अलिबागहून काशिद-मुरुडकडे जाणारी वाट या तिन्ही गावांवरून जाते. शनिवार-रविवारी शेकडो गाड्या इथून जातात, पण बहुतेकांचं लक्ष पुढच्या किनाऱ्याकडे असतं. आम्ही मात्र एक अख्खा दिवस या तीन गावांसाठीच राखून ठेवला होता. एका गाडीत मावतील एवढीच माणसं आणि सोबत इतिहास शिकवण्यात हयात घालवलेले एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सरच म्हणत होते.

गेटवेहून पहिल्या बोटीने मांडवा, तिथून अलिबाग आणि पुढे दक्षिणेचा रस्ता. थंडीचे दिवस होते. अष्टागरातल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून गाडी निघाली तेव्हा दोन्ही बाजूंच्या झापांमधून कोवळं ऊन रस्त्यावर उतरत होतं. पहिला थांबा आक्षीचा. इथला शिलाहारकालीन शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ हे त्याचं वाचन प्रसिद्ध आहे. काही अभ्यासक तो त्यानंतरचा मानतात. काळाचा वाद बाजूला ठेवला तरी केसिदेव या शिलाहार राजाचं नाव आणि दान मोडणाऱ्याला दिलेला शाप असलेला हा दगड या किनाऱ्याचं वय सांगायला पुरेसा आहे. आजच्या दिवसाची सुरुवात इथूनच व्हायला हवी, असं सर म्हणाले, कारण आम्ही जे बंदर पाहायला निघालो होतो ते शिलाहारांच्या काळात भरात होतं.

ते बंदर म्हणजे चौल. टॉलेमीच्या भूगोलात ते आहे, कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत ‘चेमुल’ म्हणून आहे. अरब त्याला सैमूर म्हणत. इ. स. ९१६च्या सुमारास अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी इथे आला, तेव्हा झंझ नावाचा शिलाहार राजा राज्य करत होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान या गावात राहतात, असं मसूदीने लिहून ठेवलं आहे. त्यांचे तंटे सोडवण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमला होता. हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या एका हिंदू राजाच्या बंदरात परदेशी व्यापाऱ्यांची एवढी मोठी वस्ती निर्धास्त नांदत होती, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात ठळक अक्षरांत असायला हवी.

आजचं चौल म्हणजे पाखाड्या, वाड्या आणि देवळं. गावात एके काळी ३६० देवळं आणि ३६० तळी होती असं इथे कुणीही सांगतं. आकडा लोकांच्या तोंडचा आहे, पण तळी आजही पावलोपावली दिसतात. रामेश्वराच्या देवळापुढची पुष्करणी पाहून आम्ही आत गेलो. या देवळात अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड आहेत. कुंडं फरशीखाली बंद असतात. पाऊस अगदीच दडी मारतो त्या वर्षी विधी करून पर्जन्यकुंड उघडायचं, अशी परंपरा आहे. दर्शनाला आलेल्या एका आजींनी आम्हाला ती जागा दाखवली. “वरून पाय देऊ नका हो, बाजूने या,” एवढंच म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यातला तो सहज आदर पाहून आमच्यातली मुलंही न सांगता बाजूने चालू लागली.

देवळाकडून राजकोटच्या अवशेषांकडे गेलो. मुसलमानी अंमलातला हा कोट आता जवळजवळ उरलेला नाही. त्याच्या आसपास जुनी मशीद आणि हमामखाना आहे. हमामखान्याच्या पडक्या भिंती झाडोऱ्यात उभ्या आहेत. बहमनी काळात याच बंदरातून अरबी घोडे दख्खनमध्ये जात. इथल्या हवेत चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे, आणि फौजेला तर घोडे हवेतच. म्हणून होर्मूझहून जहाजात घालून ते चौलला आणायचे, इथून घाट चढून जुन्नर आणि पुढे बिदरपर्यंत न्यायचे.

त्याच वाटेने रशियातल्या त्वेर गावचा एक व्यापारी गेला. अफनासी निकितीन. १४६९च्या सुमारास तो होर्मूझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचायला तेव्हा जवळपास तीस वर्षं बाकी होती. जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो, अशी अट घातली. एका खुरासानी सरदाराने मध्ये पडून त्याला सोडवलं. घोडा पुढे बिदरला विकला गेला. निकितीन मायदेशी परतला, पण त्वेरला पोहोचण्याआधीच स्मोलेन्स्कजवळ वारला. मागे राहिली त्याची वही. लोक काय खातात, स्त्रिया कशा वावरतात, पावसाळा किती महिने चालतो हे सगळं त्याने साध्या माणसाच्या नजरेने टिपलं आहे. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. आम्ही तिथे थांबलो. घोडा विकायला आलेल्या एका सामान्य व्यापाऱ्याची आठवण राखणारं गाव मला फार मोठं वाटतं.

चौलहून रेवदंड्याला केव्हा आलो ते कळतही नाही. कळतं ते रस्ता तटातून आत शिरतो तेव्हा. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर येतो. इथे मात्र पाच किलोमीटरच्या आसपास घेराच्या तटाआत अख्खं गाव आहे. एके काळच्या पोर्तुगीज शहराच्या जागी आता नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. १५८३मध्ये राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी कैदी म्हणून गोव्याला नेला जात असताना इथून गेला. चौलमध्ये दोन शहरं आहेत, एक पोर्तुगिजांचं आणि एक मुसलमानांचं, अशी नोंद त्याने केली. त्यातलं पहिलं शहर म्हणजे हे रेवदंडा.

पोर्तुगीज इथे आले ते लढतच. मार्च १५०८मध्ये इजिप्तच्या मामलूक सुलतानाचं आरमार, दीवच्या मलिक अय्याजची साथ घेऊन, चौलच्या खाडीत त्यांच्यावर चालून आलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो द आल्मेडा आरमाराचा प्रमुख होता. माघार घेताना त्याचं जहाज मासेमारीसाठी खाडीत रोवलेल्या खुंटांत अडकलं. मांडीला गोळा लागल्यावर तो डोलकाठीशी बसून हुकूम देत राहिला, आणि दुसऱ्या गोळ्याने गेला. पुढच्या वर्षी बापाने दीवच्या लढाईत त्याचा सूड घेतला आणि अरबी समुद्रावर पोर्तुगिजांची हुकमत बसली. खाडीकाठी उभं राहून सरांनी ही हकिगत सांगितली तेव्हा समोर कोळ्यांच्या होड्या भरतीची वाट पाहत होत्या.

पुढे बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने १५२१मध्ये कोटाचं काम सुरू झालं. पन्नास वर्षांनी त्याच घराण्यातल्या मुर्तझा निजामशहाने हे ठाणं उखडून काढायचं ठरवलं. आदिलशहा गोव्यावर आणि निजामशहा चौलवर, असा तो एकाच वेळचा हल्ला होता. १५७०च्या अखेरीस पडलेला वेढा १५७१च्या मध्यापर्यंत चालला, पण समुद्राची वाट मोकळी असलेलं शहर उपासमारीने पडलं नाही. तह झाला. संभाजी महाराजांच्या फौजेनेही १६८३मध्ये इथे वेढा घातला होता. ज्याच्याकडे आरमार त्याच्याकडे किनारा, हा धडा कोकणाने अनेकदा गिरवला आहे. रेवदंड्याचा तट तो डोळ्यांसमोर उभा करतो.

तटाच्या कडेने चालताना एका ठिकाणी मी बराच वेळ थांबलो. काळ्या दगडांच्या सांध्यांमधला चुना अजून घट्ट आहे. जवळून पाहिलं तर त्यात शिंपल्यांचे पांढरे कण चमकतात. वरच्या अंगाला पिंपळाचं मूळ सांध्यात शिरलं आहे. पायाशी ते मनगटाएवढं, वर दोन दगडांमध्ये बोटाएवढं, आणि जिथे ते शिरलं तिथला दगड चांगला चार बोटं बाहेर सरकलेला. तोफांना दाद न दिलेली भिंत एक रोपटं वेळेवर न उपटल्यामुळे जाणार आहे. ते उपटायला लागणारा खर्च एका माणसाच्या दिवसभराच्या मजुरीएवढाही नसेल.

चर्च आणि मठांचे अवशेष वाड्यांमध्ये विखुरले आहेत. सातखणी म्हणून ओळखला जाणारा फ्रान्सिस्कन मठाचा मनोरा दुरूनही दिसतो. त्याचे वरचे मजले कधीच कोसळले आहेत. तिथे जायचं तर एका वाडीतून जावं लागतं. मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, “जा की, पण पाटाच्या कडेने जा. पोफळीला आत्ताच पाणी सोडलंय.” परतताना त्यांनी शहाळी काढून दिली आणि लहानपणी मनोऱ्याभोवती कसे खेळायचो ते सांगत बसले. आम्ही मोजकी माणसं होतो म्हणून हे बोलणं झालं. मोठी बस भरून आलेल्या लोकांना कुणी वाडीत घेत नाही, आणि घ्यावं अशी अपेक्षाही करू नये.

जवळच्या एका घरगुती खानावळीत जेवलो. तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण, सोलकढी आणि अलिबागचा पांढरा कांदा. या परिसरात बेने इस्रायली हा ज्यू समाज शतकानुशतकं राहिला. घाण्यावर तेल काढणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांतले बहुतेक आता इस्राएलमध्ये आहेत, तरी चौलकर, रेवदंडेकर ही आडनावं तिकडे गेली आणि मराठीही गेली.

पूल ओलांडून कोर्लईला पोहोचलो तेव्हा ऊन कलू लागलं होतं. कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील वाळत होते. दीपगृहाच्या मागून किल्ल्याची वाट चढते. हा डोंगर खाडीच्या तोंडावर आहे, त्यामुळे त्यावर ज्याची तोफ त्याच्या हाती बंदर. हे ओळखून दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने १५९४मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला, आणि धोका ओळखून पोर्तुगिजांनी त्याच वर्षी तो जिंकून घेतला. वर गेल्यावर अरुंद सोंडेवर एकामागून एक दरवाजे लागतात, पाण्याचं टाकं आहे, पोर्तुगीज अक्षरं कोरलेले दगड आहेत, छप्पर गेलेलं चर्च आहे. उत्तरेला रेवदंड्याच्या माडांचा हिरवा पट्टा आणि त्यामागे चौल. सकाळपासून जे तुकड्यातुकड्याने पाहिलं ते इथून एका नजरेत येतं.

चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई घेतली आणि १७४०च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. ऐपत असलेले पोर्तुगीज गोव्याला निघून गेले. गरीब ख्रिस्ती कुटुंबं मागे राहिली, ती कोर्लईच्या पायथ्याशी. त्यांची बोली आजही तिथे ऐकू येते. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीच्या शेजाराने बदललेली आणि क्रियापद मराठीसारखं शेवटी. बोलणारे हजाराच्या आसपास उरले आहेत. संध्याकाळी खाली उतरल्यावर गावातल्या चर्चजवळ दोन बाया याच बोलीत गप्पा मारत होत्या. आम्ही विचारलं तेव्हा लगेच मराठीत म्हणाल्या, “घरात हीच बोलतो, बाजारात मराठी.” राज्य जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी या घरांनी आपली बोली सोडली नाही.

दिवसभर फिरून माझं मत पक्कं झालं. या तीन गावांचा खरा नायक ही खाडी आहे. तिने अरब व्यापारी आणले, रशियन आणला, पोर्तुगीज आणले. ती गाळाने भरत गेली आणि मुंबईचं बंदर वाढलं तसं चौल मागे पडलं. राजवटी बदलल्या, पण जी माणसं इथे रुजली त्यांनी देऊळ, मशीद, चर्च, सिनॅगॉग, वाडी आणि बोली हे सगळं जपलं. महाराष्ट्राचा इतिहास घाटावरच्या किल्ल्यांइतकाच या बंदरांमध्येही घडला आहे.

तेव्हा पुढच्या वेळी काशिदला जाताना इथे थांबा. मोजक्या माणसांनिशी या. सकाळी चौल, दुपारी रेवदंडा आणि ऊन उतरल्यावर कोर्लई हा क्रम ठेवा. वाडीत शिरण्याआधी मालकांना विचारा, तटावर चढू नका, दगडावर नावं कोरू नका, जेवण गावातल्याच खानावळीत घ्या. आणि मुलांना सोबत आणा. हजार वर्षं जगाशी व्यापार करणारं एक मराठी बंदर मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर आहे, हे त्यांना लहानपणीच कळायला हवं.