पांडुरंगातले चाम

सायगॉनहून रात्रभर धावलेली गाडी पहाटे थाप चाम स्टेशनात थांबली. बाहेर निवडुंग, मेंढ्यांचे कळप आणि दूरवर मिठागरं. व्हिएतनाम म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी हिरवीगार भातखाचरं इथे फारशी नाहीत. देशातला हा सगळ्यात कोरडा पट्टा, थेट आपल्या माणदेशासारखा. फान रांग हे शहराचं आजचं नाव. चाम लोकांच्या चंपा या जुन्या राज्याच्या काळी याला पांडुरंग म्हणत. मराठी माणूस हे ऐकून हरखणारच, मीही हरखलो. पण विठोबा इथे नाही. इथला देव शिव.

स्टेशनापासून जवळच टेकडीवर पो क्लोंग गराई या राजाचं देऊळ आहे. 1300च्या सुमारास जय सिंहवर्मन तिसरा याने बांधलेलं. लालसर विटांचे तीन उंच मनोरे, आणि विटा इतक्या घट्ट बसलेल्या की सांध्यात नखसुद्धा जात नाही. दारावर अनेक हातांचा नाचणारा शिव, चौकटीच्या दगडांवर चाम लिपीतल्या ओळी, आत शिरताना नंदी. गाभाऱ्यातल्या लिंगावर मात्र राजाचा रंगवलेला चेहरा आहे. ज्याने या कोरड्या मुलखात बंधारे घातले, पाट काढले असं लोक सांगतात, तो राजाच शिवाशी एकरूप होऊन बसला आहे. मला हे फार आवडलं. पाणी देणाऱ्याला देव करणं यात काय चुकलं?

असं देऊळ पाहिलं की आपल्याकडचा पाहुणा लगेच 'म्हणजे हे मूळचे आपलेच लोक' म्हणून मोकळा होतो. इतिहासकार रमेशचंद्र मजुमदारांनीही 1927 साली चंपावरचा ग्रंथ लिहिला तो 'भारतीय वसाहती' याच मथळ्याखाली. राजांनीही तशी सोय करून ठेवलेली. 875च्या दोंग दुओंग इथल्या लेखात इंद्रवर्मनाने आपला वंश थेट भृगु ऋषीपर्यंत नेला आहे. राजांच्या वंशावळी जगभर अशाच सोयीने लांबतात.

प्रजेची गोष्ट वेगळी. चाम भाषेचं गोत मलाय आणि सुमात्रातल्या आचेच्या भाषेशी जुळतं. हे समुद्रावरून आलेले दर्यावर्दी लोक. 1177 साली यांच्याच आरमाराने नदीतून वर जाऊन अंगकोर लुटलं. दक्षिणेकडच्या एका राजघराण्याचं नाव क्रमुकवंश, म्हणजे सुपारीचं कूळ; उत्तरेकडे नारळाचं. चौथ्या शतकाच्या सुमाराचा, नागाचा अपमान करणाऱ्याला शाप देणारा एक छोटा शिलालेख चाम भाषेत आहे. त्या सबंध भाषाकुळातला हा सर्वांत जुना ज्ञात लेख. देवांची नावं संस्कृत, बोलणं मात्र पहिल्यापासून घरचं.

1471मध्ये ले थान्ह तोंग या व्हिएतनामी राजाने विजय ही राजधानी घेतली. उरलंसुरलं पांडुरंग 1832 साली सम्राट मिन्ह मांगने खालसा केलं. आज व्हिएतनाममध्ये चाम आहेत पावणेदोन लाखांच्या आसपास. इथल्यांपैकी काही बालामोन, म्हणजे शिव मानणारे, गोमांस न खाणारे. काही बानी, ज्यांनी इस्लाम आपल्या पद्धतीने वळवून घेतला आणि ज्यांचे पुरोहित रमझानात सगळ्या गावाच्या वतीने उपास धरतात.

काते सणाला या देवळात पो क्लोंग गराईला न्हाऊ घालून वस्त्रं चढवतात. ती वस्त्रं वर्षभर सांभाळतात डोंगरातले राग्लाई लोक. का, तर राग्लाई म्हणजे चामांची धाकटी बहीण, आणि इथे वारसा धाकट्या मुलीकडे जातो. हे मला सांगितलं एका निवृत्त चाम मास्तरांनी. तेच मला बाउ त्रुक या कुंभारांच्या गावी घेऊन गेले. तिथे चाक नाही. मडकं ओट्यावर स्थिर, आणि कंबरेत वाकलेली बाई उलट्या पावलांनी त्याच्याभोवती फिरत ओल्या फडक्याने काठ गोल करते. कुंभारकाम बायांचं; हात लेकीकडे जातो.

परतताना शेताकडेला ओळीने उभे केलेले दगड दिसले. हा कूत. बालामोन माणसाचं दहन करतात, पण कपाळाच्या हाडाचे नऊ तुकडे धातूच्या डबीत जपतात आणि पुढे सवडीने, मोठा विधी करून, आईच्या कुळाच्या कूतमध्ये पुरतात. नवरा आयुष्यभर बायकोच्या घरी राहिला तरी हाडं शेवटी आईकडेच परततात.

"म्हणजे तुमच्या वडिलांचे दगड इथे नाहीत?" मी विचारलं.

"ते त्यांच्या आईच्या कूतमध्ये, पलीकडच्या गावाला. माझी बायको तिच्या आईच्या. मुलंही तिच्याबरोबर." मग मास्तरांनी माझं कूळ विचारलं. मी आडनाव सांगितलं, गोत्र सांगितलं. "ते वडिलांकडचं झालं. तुमचं?" आई, आजी, पणजी असं मोजत गेलो. पणजीच्या माहेरच्या नावापाशी मी अडलो. मास्तरांनी वहाणा काढल्या, दगडांजवळ गेले आणि एकेकाकडे बोट दाखवत आपल्या आज्या-पणज्या सांगू लागले.