बाबांची पट्टी, ब्रूसची पट्टी

मी आयर्न मेडनची फॅन झाले ती मिरजेत. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात. मिरज म्हटलं की त्यांना रेल्वे जंक्शन आठवतं, फार तर दवाखाने. पण मिरजेची तिसरी ओळख गाण्याची आहे. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात मोठमोठे गायक तिथे हजेरी लावून जातात. सतारमेकर गल्लीत आजही भोपळ्यांचे तंबोरे तयार होतात. त्या गल्लीपासून पाच मिनिटांवर आमचं घर. बाबा बँकेत कारकून. पण गावात त्यांची ओळख बँकेमुळे नव्हती, भजनी मंडळामुळे होती. आवाज चढा, खणखणीत. काकडआरतीला बाबा उभे राहिले की माइक बाजूला ठेवायचे.

अशा घरात मी २००४ साली, दहावीच्या सुट्टीत, मामेभावाकडून एक एमपीथ्री सीडी आणली. सांगलीच्या फुटपाथवरची, दीडशे गाण्यांची, अर्ध्या फाइल्सची नावं चुकलेली. त्यात आयर्न मेडनची सात-आठ गाणी होती. ब्रूस डिकिन्सनचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा शब्द कळले नव्हते. एवढंच कळलं की हा माणूस ओरडत नाहीये, गातोय. तुम्ही ऐकलं नसेल तर मेटल म्हणजे आरडाओरडा असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. ब्रूसचा सूर मात्र लखलखीत असतो. वर जातो, तिथे टिकतो, थरथरतो आणि सुरातच खाली येतो.

मग सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून गाण्यांचे शब्द छापून आणणं सुरू झालं. 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' हे तेरा मिनिटांहून मोठं गाणं कोलरिजच्या कवितेवर बेतलंय हे कळल्यावर मी कॉलेजच्या लायब्ररीतून ती कविता शोधून वाचली. 'द ट्रूपर'मुळे क्रिमियाचं युद्ध कळलं. आमच्या वर्गात हे ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. मुलींमध्ये तर नव्हतंच. यूट्यूबने आपोआप पुढचं गाणं लावून देण्याच्या आधीचा तो काळ. तुमच्या आवडीचं दुसरं माणूस जगात आहे की नाही, हे कळायची सोयच नव्हती.

बाबांनी एकदा दाराबाहेर उभं राहून 'एसेस हाय' पूर्ण ऐकलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते आत आले, पेटी काढली, भाता हलवत सूर शोधला आणि म्हणाले, "हा तारसप्तकात जाऊन बसलाय आणि खाली यायचं नाव घेत नाही. दम आहे माणसात." थोड्या वेळाने विचारलं, "वय काय याचं?" ब्रूसचा जन्म १९५८चा, बाबांचा १९५६चा. "म्हणजे आमच्याच बॅचचा की," असं म्हणून ते चुना-तंबाखू मळत बाहेर गेले.

*

मार्च २००७ मध्ये मेडन पहिल्यांदा भारतात आले, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर. तेव्हा मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते आणि परीक्षा होती. वर्षभराने बातमी आली की बँडच्या नव्या जागतिक दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत, १ फेब्रुवारी २००८ला, बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये. ४५ दिवसांत २३ कार्यक्रम, पाच खंड, आणि सगळा लवाजमा एकाच बोइंग ७५७ विमानातून. माणसं पुढे, वाद्यं आणि सामान मागे. विमानाचं नाव एड फोर्स वन, आणि कॉकपिटमध्ये खुद्द ब्रूस. तो पेशाने खरोखरच प्रवासी विमानांचा वैमानिक होता. जो माणूस आपल्याला गाणं ऐकवणार तोच विमान चालवत आपल्याकडे येतोय, या कल्पनेने मला आठवडाभर झोप लागली नाही.

तिकिटाचे पैसे मेसच्या पैशांतून वाचवले. परवानगी मात्र मिरजेतून यायची होती. आईने फोनवर एकामागून एक प्रश्न विचारले. तिथे दारू पितात का? मुली असतात का? किती वाजता संपतं? मग फोन बाबांकडे गेला. ते बराच वेळ गप्प होते. नंतर त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांचे असताना तेही असेच मिरजेहून रात्रीच्या गाडीने पुण्याला गेले होते, सवाई गंधर्व महोत्सवाला. डिसेंबरची थंडी, अंगावर घोंगडी, रात्रभर भारतीय बैठकीवर बसून राहिले, कारण शेवटी पहाटे भीमसेनजी गाणार होते. आजोबांनी तेव्हा महिनाभर अबोला धरला होता.

"रेडिओवर ऐकायचोच की," बाबा म्हणाले. "पण समोर बसलं की दिसतं, श्वास कुठे घेतो ते. तेवढ्यासाठी जायचं." आणि मग, "मावशीकडे डोंबिवलीला उतरायचं. संपलं की फोन करायचा. कितीही वाजू देत."

*

शुक्रवार होता. सकाळच्या सिंहगड एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात मी आणि होस्टेलमधली एक सिनियर, दोघीही काळ्या टी-शर्टमध्ये. कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवरून घेतलेल्या त्या टी-शर्टवर मेडनचा शुभंकर एडी, त्याचे अर्धे दात छपाईत गेलेले. समोरच्या काकूंनी त्या हाडकुळ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "भुताचा सिनेमा आहे का गं कुठला?"

लोणावळ्याला डब्यात आणखी तीन काळे टी-शर्ट चढले. कर्जतला दोन. अनोळखी मुलं, पण छातीवरचा एडी दिसला की मान हलायची, एवढंच. दादरला उतरून लोकलने बांद्र्याला पोहोचेपर्यंत आम्ही पंधरा-वीस जण झालो होतो. स्मार्टफोन नव्हता, मॅप नव्हता. जिकडे काळे टी-शर्ट चाललेत तिकडे चालायचं, एवढाच पत्ता.

मैदानाबाहेर दुपारपासून रांग. एक जण गुवाहाटीहून दोन दिवस रेल्वेने आला होता. कोचीचे चौघे आदल्या रात्री स्टेशनवर झोपले होते. नागपूरच्या एका मुलाने घरी मित्राच्या बहिणीचं लग्न सांगितलं होतं. प्रत्येकाची गोष्ट थोडीफार माझीच होती. गावात एकटाच ऐकणारा, कुणाकडून तरी आलेली सीडी, घरच्यांचा वैताग. चार वर्षं मला वाटत होतं की हे वेड माझं एकटीचं आहे. इथे हजारो एकटे एका रांगेत धूळ खात उभे होते.

तपासणीला बायकांची रांग वेगळी होती. आम्ही मोजून नऊ जणी. पोलीस बाईंनी पर्स उघडून चिल्लर आणि पेन काढून घेतलं आणि आपुलकीने म्हणाल्या, "पुढे जाऊ नका हं, चेंगराल." आम्ही पुढेच गेलो. ढकलाढकली होती, हात लावणारेही एक-दोन भेटले. सिनियरने एकाला कोपराने असा हाणला की तो परत दिसला नाही. त्यानंतर त्या कोचीच्या चौघांनी न सांगता आमच्या मागे कडं केलं आणि पूर्ण कार्यक्रमभर ते मोडलं नाही.

अंधार पडला. स्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' सुरू झालं आणि आजूबाजूचे लोक किंचाळायला लागले. मेडनच्या चाहत्यांना ती खूण माहीत असते. हे गाणं संपलं की दिवे जातात. दिवे गेले. मग चर्चिलचं युद्धकाळातलं भाषण. चर्चिलच्या आवाजाला आपल्याकडे इतका जल्लोष बहुधा कधीच मिळाला नसेल. आणि भाषण संपताक्षणी 'एसेस हाय'.

ब्रूस धावतच आला. प्रत्यक्षात तो बुटका आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकोणपन्नास वर्षांचा माणूस स्टेजच्या कडेच्या स्पीकर्सवरून उड्या मारत होता आणि त्याच दमात, मिरजेत बाबांनी पेटीवर शोधला होता तो सूर लावत होता. मी नाचायचं विसरले. मला श्वास बघायचा होता. आणि तो दिसला. ओळ संपता संपता तो किंचित वळायचा, खांदे न हलवता पोट फुगायचं, आणि पुढची ओळ. सीडीवर हे ऐकू येत नाही. सीडीवर आवाज कुठूनतरी येतो. इथे तो एका माणसाच्या छातीतून येत होता, आणि त्या छातीला घाम आला होता, धाप लागत होती.

'राइम'च्या मधल्या भागात सगळं शांत होतं. फक्त बास आणि जहाजाची लाकडं करकरल्याचे आवाज. एवढं मैदान गप्प उभं होतं. लांबून रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. आणि 'फिअर ऑफ द डार्क'ला गंमत झाली. त्यातली गिटारची सुरावट लोक तोंडाने गायला लागले, शब्द नाहीत, नुसता आलाप. ब्रूसने माइक आमच्याकडे धरला आणि तो ऐकत उभा राहिला. मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मोकळ्या गळ्याने गायले. घरी बाबा असताना कोण गाणार?

संपल्यावर गर्दीबरोबर चालत कुर्ला स्टेशन गाठलं. कानात शिट्टी वाजत होती. प्लॅटफॉर्मवरच्या पीसीओवरून फोन लावला, तर पहिल्याच रिंगला बाबांनी उचलला.

"बसून गायला का?"

"नाही बाबा. पळत."

"किती वेळ?"

"दोन तास होत आले असतील."

पलीकडे थोडी शांतता. "आणि पट्टी?"

"शेवटपर्यंत तीच."

*

२०१२ साली बाबांच्या जिभेच्या कडेला पांढरा चट्टा आला. तीस वर्षांची तंबाखू. ऑपरेशनमध्ये जिभेचा एक भाग काढावा लागला, नंतर रेडिएशन. बाबा वाचले. पण 'र' आणि 'ल' गेले. ज्या माणसाला विठ्ठल म्हणायचंय त्याचा 'ल' जाणं म्हणजे काय, ते मी लिहू शकत नाही. त्यांनी गाणं थांबवलं. पेटीवर कापड घातलं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये ऑफिसात मोबाइलवर बातमी वाचली: ब्रूस डिकिन्सनला जिभेचा कॅन्सर. मी जिन्यात जाऊन बसले. त्याचं कारण तंबाखू नव्हतं. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे झालेली गाठ होती, हे पुढे त्याने स्वतः उघडपणे सांगितलं. गाठ जिभेच्या मुळाशी होती. केमोथेरपी आणि रेडिएशन झालं, आणि मे महिन्यात तो बरा झाल्याचं जाहीर झालं. सप्टेंबरमध्ये 'द बुक ऑफ सोल्स' हा अल्बम आला. त्यातलं गाणं त्याने निदान होण्याआधीच गायलं होतं, म्हणजे गाठ घशात असताना. २०१६ मध्ये तो पुन्हा दौऱ्यावर निघाला. या वेळी बोइंग ७४७, आणि तेही स्वतः चालवत.

मला आनंद झाला असं सांगितलं तर ते अर्धंच खरं. मला रागही आला. एकाच अवयवाचा आजार, जवळपास एकच वय, आणि एकाला सगळं परत मिळालं. गाठ कुठे होती, कशामुळे होती, कसे उपचार झाले, हा फरक मला डोक्याने कळत होता. तरी कित्येक महिने मी मेडन लावलंच नाही. मिरजेला गेल्यावर तर विषयही काढला नाही.

बाबांनी पेपरात वाचलं होतं. त्या दिवाळीत जेवण झाल्यावर त्यांनी अडखळत विचारलं, "तुझा तो... गातो का परत?"

मी फोनवर दौऱ्याचा एक व्हिडिओ लावला. बाबांनी फोन कानाजवळ धरला, डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, काहीतरी मोडेल या भीतीने. व्हिडिओ संपला. "पट्टी उतरवली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही." त्यांनी मान हलवली. मैफलीत चांगली जागा आली की ते जशी हलवायचे तशी. मग म्हणाले, "बरं झालं. एकाची तरी राहिली."

पुढच्या एकादशीला ते मंडळात गेले. गायला नाही. टाळ घेऊन कडेला बसले. आता दर आठवड्याला जातात. नवी मुलं चुकीच्या जागी श्वास घेतात तेव्हा ते टाळ थांबवून नुसतं बघतात, आणि मुलांना कळतं.

२००८च्या त्या दौऱ्यावर 'फ्लाइट ६६६' नावाची फिल्म आहे. तिच्यात प्रत्येक गाणं वेगवेगळ्या शहरातलं घेतलंय आणि पहिलं, 'एसेस हाय', मुंबईचं आहे. गेल्या गणपतीत ती मी बाबांना टीव्हीवर लावून दाखवली. गर्दीवरून कॅमेरा फिरला तसा त्यांनी रिमोट घेऊन चित्र थांबवलं. चष्मा लावला, उठून टीव्हीजवळ गेले आणि धुळीतल्या, हात वर केलेल्या एका काळ्या टी-शर्टवर बोट ठेवलं.

"ही तू."

तो एक मिशीवाला मुलगा होता. मी म्हटलं, "हो बाबा."

त्यांनी समाधानाने परत येऊन बसत रिमोट माझ्याकडे दिला. "लाव पुढे. आवाज वाढव जरा."