जात्याची जोडी

जुने घर रिकामे करताना कपडे, भांडी, कागदपत्रे यांची सोय लवकर लागते. शेवटी उरते ते दगडाचे. जाते, पाटा-वरवंटा, उखळ. या वस्तू विकून फारसे काही येत नाही, टाकून देववत नाहीत, आणि उचलू म्हटले तर कंबर लगेच सांगते की हे एकट्याचे काम नव्हे. तुमसर तालुक्यातील आंबागडचे आमचे घर उतरवायचे ठरले, तेव्हा आम्हा भावंडांपुढे हाच प्रश्न उभा राहिला.

आईचे जाते थोरल्या भावालाही हवे होते आणि मलाही. भावाने तोडगा काढला. वरचा दगड त्याच्या पुण्याच्या घरी बागेत ठेवावा, खालचा मी तुमसरला न्यावा. दोन वारस, दोन दगड. वाटणी दिसायला न्याय्यच होती. आई मात्र म्हणाली, "दोन्ही न्या, नाहीतर दोन्ही इथंच राहू द्या." ही केवळ माया असावी, असे आम्हांला प्रथम वाटले, पण तिचे म्हणणे साफ व्यवहाराचे होते. वर्षानुवर्षे एकमेकांवर फिरून जात्याचे दोन्ही दगड एकमेकांच्या घडणीचे झालेले असतात. एकाची झीज दुसऱ्याच्या झिजेला जुळलेली असते. परका दगड वर ठेवला तर तो नीट बसत नाही, आणि बसला तरी पीठ जाडेभरडे पडते. जोडी मोडली की उरतात ते दोन गोल दगड. जाते उरत नाही. भावाला हे पटले, आणि जाते माझ्याकडे यायचे ठरले.

आता प्रश्न नेण्याचा. सोळा इंच व्यासाच्या आणि चार इंच जाडीच्या दगडाचे घनफळ सुमारे १३ लिटर भरते. दगड पाण्याच्या पावणेतीनपट जड धरला, तर एकाचे वजन ३५ किलोच्या आसपास, म्हणजे जोडीचे ७० किलो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सांगितली आहे. अख्खे जाते त्या मर्यादेच्या बाहेर जाते.

तुमसरच्या एका भात गिरणीत आयुष्य घालवलेले एक वृद्ध हमाल मदतीला आले होते. त्यांचे काम पाहणे हा एक पाठच होता. त्यांनी आधी खुंटा काढून घेतला, कारण खुंट्याला धरून दगड उचलला की खुंटा तरी निसटतो, नाहीतर त्याच्या भोकापाशी दगडाचा टवका तरी उडतो. मग पहारीने वरच्या दगडाची कड बोटभर उचलून खाली लाकडी ठोकळा सरकवला. ठोकळा बसेपर्यंत त्यांनी कोणालाही हात घालू दिला नाही. दगडाखाली सापडलेले बोट वाचत नाही, असे ते म्हणाले. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, दोघांनी मिळून दगड गोणपाटावर उभा केला आणि चाकासारखा दारापर्यंत गडगडत नेला. गाडीत भाताच्या तणसाची जाड गादी होती. दोन्ही दगडांच्या मध्येही तणस भरले, म्हणजे रस्त्याच्या धक्क्याने त्यांची तोंडे एकमेकांवर आपटणार नाहीत.

देव्हाऱ्याखालची संगमरवरी फरशी त्यांनी आडवी उचलू दिली नाही. दगड दाब सोसतो, वाक सोसत नाही. दोन टोकांना धरलेली लांब फरशी स्वतःच्याच भाराने मध्ये ताणली जाते आणि एखाद्या शिरेवर तडकते. म्हणून ती काचेच्या तावदानासारखी उभीच न्यायची आणि गाडीतही उभीच टेकवायची.

त्या अंगणातून आंबागडचा किल्ला दिसतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो १७०० च्या सुमारास बांधला, ही नोंद आपल्याला मिळते. डोंगरावर ते दगड कोणी चढवले, कशावर सरकवले, कोणाची बोटे चेचली, हे त्या नोंदीत नाही. ज्या हातांनी ओझे उचलले त्यांची विद्या लिहिली गेली नाही. ती पाहूनच शिकावी लागते.

मराठीच्या अध्यापकाला हे विशेष जाणवावे. ओवी आपण ग्रंथातून शिकवतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे, म्हणजे तेथे संबंध मुसळाशी आहे. पुढे आपल्या मनात ओवी जात्याशी जोडली गेली. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. शब्द असे वाहून नेता येतात, हे भाग्यच. परंतु ज्या ओझ्याला हात लावून ते शब्द उमटले, ते ओझे छापील पानावर येत नाही. ओवी म्हणणाऱ्या बाईचा श्वास कुठे तुटत असेल, हे वृत्ताच्या नियमांपेक्षा तो ३५ किलोंचा दगड अधिक नेमके सांगतो.

जाते आता तळमजल्यावरच्या माझ्या घरात भिंतीलगत बसवले आहे. लोकसाहित्याचा पेपर घेतलेले विद्यार्थी येतात, तेव्हा मी मूठभर तांदूळ तोंडात घालून मगच ते फिरवायला देते. रिकामे जाते फिरवू नये असे आई म्हणते, आणि तेही खरेच आहे: मध्ये दाणा नसला की दगड दगडालाच खातो. चार-पाच फेऱ्यांतच मुलांना धाप लागते. पाठ्यपुस्तकातली ओवी एका दमात वाचणारी एक मुलगी त्या दिवशी दुसऱ्याच चरणाला थांबली. तिला काही समजावून सांगावे लागले नाही.