मधल्या पायरीवरचे इंग्रजी

परकी भाषा शिकणाऱ्याची प्रगती आरंभी झपाट्याने होते आणि काम भागण्यापुरती भाषा आली की मंदावते. युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या सहा स्तरांच्या चौकटीत हा टप्पा 'बी-१' आणि 'बी-२' या मधल्या स्तरांवर येतो. मराठी माध्यमातला विद्यार्थी येथे अडतो तो शब्दसंग्रह तोकडा म्हणून नव्हे, तर त्याचे म्हणणे समोरच्याला समजते म्हणून. समजले की चूक बोचत नाही, आणि न बोचणारी चूक अंगवळणी पडते. शिकणाऱ्याच्या या भाषेला, जी धड मातृभाषा नसते, धड इंग्रजीही नसते, तरी जिला स्वतःचे नियम असतात, लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये 'आंतरभाषा' म्हटले आणि तिच्यातील चुका कायमच्या गोठण्याला 'अश्मीभवन'.

'मी काल पुण्याला गेलो होतो' हे मराठीत सहज येणारे वाक्य 'आय हॅड गॉन टू पुणे यस्टर्डे' असे उतरते, तेव्हा इंग्रजी श्रोता पुढच्या घटनेची वाट पाहत राहतो, कारण 'हॅड'ची ही रचना भूतकाळातील एखाद्या घटनेच्याही आधीचे दाखवते. बोलण्याच्या ओघात हे निसटते. लिहिताना मात्र घटनांचा क्रम लावावाच लागतो आणि चूक नजरेस पडते. म्हणून या पायरीवर लेखन आणि संभाषण यांचे तास वेगळे ठेवणे हानिकारकच ठरते.

पॉल नेशन यांनी अभ्यासलेली 'चार-तीन-दोन' ही रीत, म्हणजे एकच हकीकत तीन निरनिराळ्या श्रोत्यांना अनुक्रमे चार, तीन आणि दोन मिनिटांत सांगणे, येथे फार उपयोगी पडते; काय सांगावे हा प्रश्न पहिल्या फेरीतच सुटतो, पुढे अडखळणे कमी होते, आणि लगेच तीच हकीकत लिहायला दिली तर सारे लक्ष रचनेकडे वळू शकते. अनेक पिढ्यांनी गिरवलेल्या तर्खडकर भाषांतर पाठमालेने व्याकरणाची बैठक पक्की केली, हे तिचे ऋण मोठे आहे. पण तेथे वाक्य दुसऱ्याचे असे, आणि मधल्या पायरीवर ते स्वतःचे असावे लागते.

शिक्षकांनी वही लाल शाईने भरून टाकू नये; एका वेळी एकाच जातीच्या चुकांखाली रेघ ओढावी, दुरुस्ती विद्यार्थ्यावर सोपवावी, आणि सुधारलेला मजकूर वही मिटून पुन्हा तोंडी सांगायला लावावा.