घर विकताना सांगायच्या गोष्टी

मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. विदर्भातील इतर बाजारगावांप्रमाणे येथेही व्यापाऱ्याच्या जुन्या घराची ठेवण परिचित आहे : दर्शनी बाजूस दुकान, आत माजघर, मागे अंगण आणि अंगणात विहीर. मुले नागपूर-पुण्यास स्थिरावली की असे घर विक्रीस निघते. घेण्यास येणारे बहुधा तरुण जोडपे असते. कोणी शिक्षक, कोणी वणीच्या कोळसा खाणीतील कर्मचारी. मालक त्यांना सागवानी तुळया दाखवितो, रस्त्यालगतच्या जागेचा भाव सांगतो. कडेवर मूल असलेल्या आईची नजर मात्र अन्यत्र असते. विहिरीचा काठ किती उंच, जिना किती उभा, कठड्याच्या दोन गजांमधून मुलाचे डोके जाईल काय? भाव पटूनही व्यवहार मोडतो, आणि नवी पिढी भित्री आहे असे मालकास वाटते.

वस्तुतः चाळीस वर्षे राहिलेल्या माणसास आपल्या घरातील धोका दिसेनासा होतो. कोणती पायरी उंच आहे, पावसाळ्यात कोणत्या बटणास हात लावू नये, हे घरातील प्रत्येकास पाठ असते. खरेदीखताबरोबर ही माहिती नव्या मालकाकडे जात नाही.

काही दोष तर पाहूनही कळत नाहीत. फरशीखाली झाकलेला जुना आड, अर्थिंग नसलेली तारजोडणी, ताज्या रंगाखाली दडलेली भेग. कपाशीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरील भिंतीची भेग रंगाने बुजत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास, विक्रेत्यास ठाऊक असलेला आणि खरेदीदारास सामान्य दक्षतेने न समजणारा महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. तो न सांगणे कायदा कपटच मानतो.

पुष्कळ दुरुस्त्या मात्र अल्प खर्चाच्या असतात. विहिरीवर कुलूपबंद लोखंडी जाळी बसवावी. गच्चीचा कठडा किमान १ मीटर उंच असावा. मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावल्यास वीजगळती होताच प्रवाह खंडित होतो. मात्र तारजोडणी जाणत्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी. घराच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे, आणि आईच्या मनातील शंका फिटली की भावाची घासाघीसही कमी होते.

जे दुरुस्त होणार नाही, ते बोलून दाखवावे. त्यामुळे किमतीत थोडी तूट येईल, ती सोसावी. खरेदीखताची नोंदणी होण्यापूर्वी घरातील ज्येष्ठ स्त्रीने नव्या सुनेला बरोबर घेऊन अंगणापासून गच्चीपर्यंत एकदा फिरवावे. या घरात मुले कोठे पडली, कोठे भाजली, हे तिच्याइतके कोणास ठाऊक नसते.