हुर्यो कोणाची?

मंडळी, आज क्रिकेटवर लिहितेय म्हणून दचकू नका. त्यातलं तंत्र मला फारसं कळत नाही. पण आमच्या कोपरमध्ये मुंबई इंडियन्सचा पराभव हा घरातलाच विषय असतो. त्यातून रोहित शर्मा तर अगदी जवळचा. तो वाढला बोरिवलीला, आजी-आजोबा आणि काकांकडे. पण त्याचे आईवडील डोंबिवलीत एका खोलीत राहत आणि हा सुट्टीला त्यांच्याकडे येई. डोंबिवली म्हणजे आमच्या पुढचंच स्टेशन. मग हक्क वाटणारच ना!

2013 ते 2020 या काळात रोहितच्या कप्तानीखाली संघाने पाच वेळा आयपीएल जिंकली. जिंकायची सवयच लागली हो आम्हाला. मग 2022चा मोठा लिलाव आला. जुने चारच खेळाडू ठेवता येणार होते. रोहित, बुमराह, सूर्यकुमार, पोलार्ड राहिले. हार्दिक पंड्या गुजरातकडे, कृणाल आणि डी कॉक लखनौकडे, बोल्ट राजस्थानकडे गेला. बसलेली घडी मोडली. त्या वर्षी पहिले आठ सामने ओळीने हरून संघ शेवटच्या, म्हणजे दहाव्या क्रमांकावर गेला. त्याचं मला काही वाटलं नाही. जूनमध्ये तुकड्या बदलल्या की वर्ग बसायला दिवाळी उजाडते, हे मी आयुष्यभर पाहिलंय.

खरं दुखणं पुढचं. 2023च्या नोव्हेंबरात हार्दिक परत आला आणि 15 डिसेंबरला त्याला कप्तान केलं. नातवाने निळा टी-शर्ट घडी करून कपाटात टाकला. 2024मध्ये चौदापैकी चारच सामने जिंकून संघ पुन्हा तळाला. 1 एप्रिलला वानखेडेवर हार्दिक नाणेफेकीला आला, तर आपल्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. प्रेक्षकांना नीट वागायला सांगायची वेळ संजय मांजरेकरांवर आली.

नातू म्हणाला, "बरं झालं आजी. त्याने रोहितची खुर्ची घेतली."

मी विचारलं, "घेतली, की त्याला दिली?"

माझ्या नोकरीत एकदा असंच झालं. दहावीचं मराठी बारा वर्षं माझ्याकडे होतं. एका जूनमध्ये काही कारण न सांगता ते काढून नव्या बाईंना दिलं आणि मला पाचवी. पहिल्याच तासाला दहावीच्या मुलांनी बाकं बडवली. "जुन्याच बाई हव्यात!" आवाज माझ्या वर्गापर्यंत येत होता. वेळापत्रक ठरवणारे ऑफिसात पंख्याखाली बसलेले. मुलांच्या तावडीत सापडली ती तेवीस वर्षांची पोर. मधल्या सुट्टीत तिचे डोळे भरलेले. मी तिला माझ्या टाचणाच्या वह्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. मुलं गप्प झाली. तो बदल मला पटला होता का? नाही. आजही पटलेला नाही. पण माझं भांडण तिच्याशी नव्हतं.

पुढे 29 जून 2024ला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाची शेवटची ओव्हर कप्तान रोहितने हार्दिकच्याच हातात दिली. आफ्रिकेला सोळा धावा हव्या होत्या. पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारने मिलरचा तो झेल घेतला आणि भारत सात धावांनी जिंकला. 4 जुलैला त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला! नातूही टाळ्या वाजवत होता.

जिंकल्यावर टाळ्या कोणीही वाजवतं हो. संघ तळाला असताना, मनाविरुद्ध कप्तान बदललेला असताना माणूस कसा वागतो ते महत्त्वाचं. 2025च्या मोसमासाठी रोहित सोळा कोटी तीस लाखांवर राहिला, हार्दिकपेक्षा पाच लाख कमी. आणि हार्दिकच्याच हाताखाली खेळला. पहिल्या पाचपैकी चार सामने हरूनही तो संघ दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत पोचला.

आकडे कोटींचे असले तरी वर्ग शेवटी वर्गच असतो. कोणी कुठे बसायचं ते ऑफिस ठरवतं. नव्याची हुर्यो उडवायची की नाही, ते मात्र आपण ठरवायचं.

असो. तुमच्याकडे काय झालं होतं त्या वर्षी? जरूर कळवा.