बारा तासांचा दरवाजा

संकल्प करण्यात मराठी माणसाचा हात कोणी धरणार नाही. पळीभर पाणी ताम्हनात सोडले की झाला संकल्प! तो ‘सोडायचा’ असतो, ही सोय आपल्या भाषेनेच करून ठेवली आहे. नव्या वर्षाचे संकल्प तर आपण दोनदा सोडतो, एकदा जानेवारीत आणि एकदा गुढीपाडव्याला. आणि दोन्ही वेळा ते महिनाभरात खरोखरच सुटतात. असे का होते, याचा उलगडा मला झाला तो सातासमुद्रापलीकडे, दक्षिण आफ्रिकेतल्या एका रस्त्यावर. त्या रस्त्याची ही हकीगत.

मी साताऱ्याचा. एका बँकेत हिशेब तपासणारा, चोपन्न वर्षांचा गृहस्थ. कोणी पहाटे उठून योगासने करतो, कोणी शेजाऱ्याची फुले तोडतो. मी यवतेश्वरचा घाट पळतो. आम्हां हौशी पळणाऱ्यांत एक रीत आहे. वर्षाच्या आरंभी त्या वर्षाच्या शर्यती ठरवायच्या आणि दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवायच्या. २०२५ च्या आरंभी मी तीन खुणा केल्या. १९ जानेवारीला मुंबईची मॅरेथॉन, चार तास पन्नास मिनिटांच्या आत. कारण त्याशिवाय पुढच्या शर्यतीत प्रवेशच नव्हता. मग मेअखेरपर्यंत दर रविवारी यवतेश्वरचा घाट. पण भर चढण्यावर नाही, उतरण्यावर. आणि ८ जूनला ‘कॉम्रेड्स’.

“किती लांब आहे ही शर्यत?” सौभाग्यवतींनी विचारले.

“नव्वद किलोमीटर.”

तिने मनाशी हिशेब केला. “म्हणजे इथून महाबळेश्वरला जाऊन परत मेढ्यापर्यंत! अहो, तिकडे एस.टी. नाही का?”

एस.टी. नाही, पण बस आहे, आणि तिची गोष्ट पुढे येईलच.

डर्बन हे समुद्रकाठचे बंदर आणि पीटरमॅरिट्झबर्ग हे डोंगरावरचे गाव. या दोहोंना जोडणाऱ्या जुन्या रस्त्यावर ही शर्यत होते. ती सुरू केली विक क्लॅपहॅम या आगगाडीच्या इंजिनड्रायव्हरने. पहिल्या महायुद्धात त्याने पूर्व आफ्रिकेत शिपाई म्हणून अफाट पायपीट केली होती. युद्धात गेलेल्या सोबत्यांचे स्मारक दगडाचे नको, कष्टाचे हवे, असे त्याच्या मनाने घेतले. आधी परवानगी नाकारली गेली. पण हा गडी मागे हटला नाही. २४ मे १९२१ रोजी चौतीस जण निघाले आणि सोळा पोचले. तेव्हापासून रीत अशी, की एका वर्षी समुद्राकडून चढायचे आणि दुसऱ्या वर्षी समुद्राकडे उतरायचे. २०२५ हे उतरण्याचे वर्ष होते. मुदत बारा तासांची.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, ७ जूनला, मी पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनावर गेलो. लाल विटांचे, टुमदार, जुन्या वळणाचे स्टेशन. १८९३ सालच्या याच तारखेला, पहिल्या वर्गाचे तिकीट खिशात असलेल्या एका तरुण हिंदी बॅरिस्टरला याच फलाटावर गाडीतून उतरवण्यात आले होते. मोहनदास करमचंद गांधींनी ती रात्र इथल्या प्रतीक्षागृहात कुडकुडत काढली. आपण आपले नकाशात पाहतो, ‘आफ्रिका’ वाचतो आणि उकाड्याची कल्पना करतो. पण जून म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. जाड स्वेटर घालून भर दुपारी मी त्या फलाटावर उभा होतो, तरी अंगावर शिरशिरी आली. ती सगळीच थंडीची होती असे म्हणवत नाही.

कारण या शर्यतीचा दरवाजाही कित्येक वर्षे सर्वांना उघडा नव्हता. पळायचे ते गोऱ्या पुरुषांनी. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड नावाची बाई अधिकृत प्रवेशाशिवाय पळाली आणि पोचली. १९३५ मध्ये रॉबर्ट म्चाली हा काळा धावपटू तसाच पळाला आणि पोचला. पण त्याची नोंद कोणी केली नाही. बायकांना आणि सर्व वर्णांच्या लोकांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७५ साली. आज नऊ ते दहा तासांत पोचणाऱ्याला जे पदक मिळते, त्याला म्चालीचे नाव आहे. आणि अकरा ते बारा तासांत धापा टाकत येणाऱ्या माझ्यासारख्यांच्या पदकाला नाव आहे क्लॅपहॅमचे. मला तर ही वाटणी फारच आवडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधारात, नगरभवनापुढे हजारो माणसे खांद्याला खांदा लावून उभी होती. राष्ट्रगीत झाले. मग ‘शोशोलोझा’ सुरू झाले. गाडीने परमुलखात मजुरीला जाणाऱ्या कामगारांचे हे गाणे. शब्द कळत नव्हते, पण त्यातली ‘पुढे चला’ ही हाक पायांना कळत होती. मग कोंबडा आरवला. खरा नव्हे, ध्वनिमुद्रित! १९४८ साली एका धावपटूने गंमत म्हणून आरंभरेषेवर बांग दिली आणि तीच परंपरा झाली. त्यानंतर तोफ.

‘उतरती दौड’ हे नाव मोठे फसवे आहे. पहिले वीस-पंचवीस किलोमीटर एकूण चढच लागतो. पुढे इंचांगाचा डोंगर पुन्हा चढायचा, मग बोथाज हिल. डाव्या हाताला ‘सहस्र टेकड्यांचे खोरे’ पसरलेले. धुक्यातून टेकड्यांची नुसती डोकी वर आलेली. कासच्या पठाराकडे जाताना श्रावणात असेच दिसते. फरक एवढाच, की इथे रस्त्याच्या कडेला माणसे शेगडीवर मांस भाजत बसलेली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला मीठ लावलेला उकडलेला बटाटा देणारी. इंचांगाजवळ एथेंबेनी शाळेची अपंग आणि दृष्टिहीन मुले रस्त्याच्या कडेला रांगेने उभी होती, हात पुढे करून. त्या हातांना टाळी न देता पुढे जाणारा माणूस मी पाहिला नाही. निम्म्या वाटेनंतर डोंगराच्या कडेला एक दगडी कोनाडा लागतो. पाच वेळा ही शर्यत जिंकणारा आर्थर न्यूटन इथे विसावा घेत असे म्हणतात. तिथे फूल ठेवून ‘सुप्रभात, आर्थर’ म्हणायचे, म्हणजे उरलेली वाट सुखाची होते. न्यूटन पहिल्यांदा जिंकला तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा शेतकरी होता, हे कळल्यावर मी दोन फुले ठेवली.

आता ती बस. ठरावीक वेळेत पोचू पाहणाऱ्यांचा जो घोळका एकत्र पळतो, त्याला तिकडे ‘बस’ म्हणतात आणि त्याच्या म्होरक्याला ‘ड्रायव्हर’. आमचा ड्रायव्हर एक धिप्पाड झुलू गृहस्थ होता. त्याच्या छातीवर हिरवा क्रमांक होता, म्हणजे किमान दहा वेळा ही वाट पुरी केलेली. काही मिनिटे पळायचे, मग त्याने हात वर केला की सगळ्यांनी चालायचे. मला पाय हलके वाटू लागले तेव्हा मी विचारले, “थोडे वाढवू या का?”

“ही साडेअकराची गाडी आहे,” तो म्हणाला. “घाई असेल तर पुढची पकडा. पण तिचे तिकीट फील्ड्स हिलवर द्यावे लागते.”

मी गुमान बसमध्येच राहिलो. फील्ड्स हिल आला तेव्हा त्याचा अर्थ कळला. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार तोलून धरतात, गाडीच्या ब्रेकचे काम करतात. सत्तर किलोमीटरच्या घरात गेल्यावर असे कित्येक किलोमीटर उतरायचे म्हणजे एकेका पावलाला मांडीत सुरी फिरते. वाटेत बसकण मारलेली तगडी तरुण मुले दिसत होती. त्यांच्यासाठी दुसरी बस मागून येत असते. ती खरोखरची, चार चाकांची. तिच्यात बसायची इच्छा मात्र कोणालाच नसते. यवतेश्वर उतरत घालवलेले सगळे रविवार माझ्या मांड्यांनी तिथे वसूल केले.

अकरा तास एकतीस मिनिटांनी मी डर्बनला पोचलो. नाण्याएवढे पदक गळ्यात पडले. पण खरा सोहळा पुढे होता. मी कठड्याला टेकून उभा राहिलो. मुदत संपायला मिनिट उरले तेव्हा प्रेक्षकांचा आरडाओरडा टिपेला गेला. एक बाई दोघांच्या खांद्यांवर हात टाकून आली आणि रेषेपार कोसळली. येणाऱ्यांकडे पाठ करून एक अधिकारी उभा होता. कोण येत आहे ते दिसू नये, दया येऊ नये, म्हणून. बार झाला. दरवाजा बंद. त्यापासून जेमतेम चाळीस पावलांवर माझ्याच वयाचा एक माणूस होता. तो थांबला, कमरेवर हात ठेवून त्याने एकदा आभाळाकडे पाहिले आणि मग उरलेली चाळीस पावले चालत आला. त्याला पदक नाही, त्याच्या नावापुढे वेळ नाही. लोकांनी टाळ्या मात्र त्याला विजेत्याइतक्या दिल्या.

हे निष्ठुर आहे, असे प्रथम वाटले. पण विचार करता करता ध्यानात आले, की त्या माणसाने नव्वद किलोमीटर पळावे अशी जादू त्या बंद होणाऱ्या दरवाजातच आहे. बारा तासांची मुदत विजेत्यासाठी नाहीच. तो केव्हाच आंघोळ करून मोकळा झालेला असतो. ती आहे कारकुनांसाठी, मास्तरांसाठी, आजीबाईंसाठी. आपल्याला जेमतेम जमेल, पण झटल्याशिवाय जमणार नाही, अशा मापाची. आमचे संकल्प सुटतात, कारण त्यांना असा दरवाजाच नसतो. ‘रोज पळेन’ म्हणणाऱ्याचा बार कधी वाजायचा?

यंदा माझे मित्र म्हणतात, आता अकरा तासांच्या आत, कांस्यपदकच! मी दिनदर्शिकेवर निराळ्या खुणा केल्या आहेत. पुढची दौड समुद्राकडून वर चढणारी. पहिल्या दोन दौडी लागोपाठच्या वर्षी पुऱ्या करणाऱ्याला पाठोपाठचे म्हणून एक वेगळे पदक मिळते. मला ते हवे आहे, आणि त्यासाठी पुन्हा बारा तासांच्या आत पोचले की पुरे. तेव्हा आता यवतेश्वर उतरायचा कमी, चढायचा जास्त; डिसेंबरअखेर एका दमात, न चालता. जानेवारीत मुंबई. आणि पॉली शॉर्ट्स नावाचा जो उतार आम्ही ताज्या पायांनी हसत हसत उतरलो, तो ऐंशी किलोमीटरनंतर चढ होऊन समोर येईल, त्याची आठवण रोज ठेवायची.

आमची चारपाच जणांची बस दर रविवारी पहाटे पाच वाजता समर्थ मंदिराच्या चौकातून सुटते. वाचकांपैकी कोणाला यायचे असेल तर आनंदच आहे. जागा पुष्कळ आहे. मात्र पाच वाजून एक मिनिटाने येणाऱ्यासाठी ती थांबणार नाही.